विजारीवरची चड्डी आणि दिग्दर्शकाची निवड

सुपरमॅनला नामोहरम करणाऱ्या गोष्टी जगात दोनच: क्रिप्टोनाइट आणि इंग्लंडचा प्राप्तिकर. पहिलीचा पुरावा कॉमिक्समध्ये सापडतो, दुसरीचा चित्रपटाच्या इतिहासात. 1970च्या दशकाच्या मध्यावर अलेक्झांडर साल्किंड आणि त्यांचे चिरंजीव इल्या या निर्मात्यांनी सुपरमॅनवर भव्य चित्रपट काढायचे ठरवले, तेव्हा दिग्दर्शक म्हणून त्यांनी गाय हॅमिल्टन यांना करारबद्ध केले. कोणाही हिशेबी निर्मात्याने केली असती अशीच ही निवड होती. हॅमिल्टन यांच्या नावावर 'गोल्डफिंगर' धरून चार बाँडपट होते, म्हणजे स्फोट, पाठलाग आणि जगाचा नाश करू पाहणारे खलनायक यांचा दांडगा अनुभव. शूटिंग इटलीत व्हायचे होते. पण सुपरमॅनच्या वडिलांची भूमिका करणार होता मार्लन ब्रँडो, आणि 'लास्ट टँगो इन पॅरिस'वरच्या अश्लीलतेच्या खटल्यामुळे इटलीत पाऊल ठेवताच त्याला अटक होण्याची भीती होती. म्हणून सगळा बाडबिस्तरा इंग्लंडला हलवला, तर हॅमिल्टन साहेब निघाले कर वाचवण्यासाठी मायदेशाबाहेर राहणारे. इंग्लंडमध्ये त्यांना वर्षाकाठी जेमतेम महिनाभर मुक्कामाची सोय होती. तेवढ्या वेळात सुपरमॅनच्या कपाळावरची ती एक कुरळी बटसुद्धा नीट वळून झाली नसती. हॅमिल्टन गेले आणि त्यांच्या जागी रिचर्ड डॉनर आले. त्यांच्या खात्यात दूरचित्रवाणीची पुष्कळ कामे होती आणि नुकताच गाजलेला एक भयपट होता, 'द ओमेन' (1976). सुपरहिरोपटांच्या इतिहासातली सर्वांत नेमकी निवड अशा रीतीने कर खात्याने केली. चित्रपटरसिकांनी त्या खात्याचे निदान एवढे उपकार मानायला हरकत नाही.

ती निवड नेमकी का ठरली, हे निर्माते सहसा स्वतःला विचारत नाहीत. सुपरहिरोचा चित्रपट म्हणजे मोठा चित्रपट, मोठ्या चित्रपटाला मोठा दिग्दर्शक, आणि मोठा दिग्दर्शक म्हणजे ज्याने आधी मोठमोठ्या इमारती पाडल्या आहेत तो, असे त्यांचे त्रैराशिक असते. माझे म्हणणे वेगळे आहे. या चित्रपटांचा खरा शत्रू पडद्यावर नसतोच. तो प्रेक्षागृहात पाचव्या रांगेत पॉपकॉर्न घेऊन बसलेला असतो, आणि नको त्या क्षणी तो फिसकन हसला की कोट्यवधी डॉलर पाण्यात जातात. त्याने हसू नये असे तर या प्रकारात काहीच नाही. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी 1938 साली सुपरमॅन छापील पानावर आणला, तेव्हा सर्कशीतल्या पैलवानाचा थाट त्याला दिला: अंगाला चिकटलेली निळी विजार, तिच्यावरून लाल चड्डी आणि पाठीवर झूल. कागदावर ते खपून गेले, कारण कागदावरची माणसे घामेजत नाहीत आणि त्यांना खालीही बसावे लागत नाही. पण सहा फुटी हाडामांसाचा गृहस्थ हाच पोशाख चढवून गंभीर चेहऱ्याने सत्य आणि न्याय यांविषयी बोलू लागला, की समोरच्याला हसू येणार नाही अशी तजवीज कोणाला तरी करावी लागते. ती करतो तो या चित्रपटाचा दिग्दर्शक; बाकीची कामे करायला तीनशे माणसे असतात. म्हणून हे काम विनोदी किंवा भीतीदायक चित्रपट काढणाऱ्याला द्यावे, आणि त्यांतही ज्याने ते फुटकळ पैशात काढले आहेत त्याचा अर्ज वर ठेवावा.

विनोदी आणि भीतीदायक या दोघांना मी एका बाकावर बसवतो, कारण दोघांची परीक्षा तिथल्या तिथे होते. माणूस हसतो किंवा हसत नाही, किंचाळतो किंवा किंचाळत नाही. गंभीर चित्रपटाच्या दिग्दर्शकाला अशी हजेरी द्यावी लागत नाही. थिएटरात शांतता असली की लोक अंतर्मुख झाले असे तो समजतो. त्यांतले निम्मे झोपलेले असू शकतात ही शक्यता त्याच्या मनाला शिवत नाही. भुताचा चित्रपट काढणाऱ्याला मात्र पक्के ठाऊक असते की दार अर्ध्या सेकंदाने उशिरा करकरले तर भीतीचे हसे होते. राहिला पैशाचा मुद्दा. ज्याच्याकडे राक्षस दाखवायला पैसे नव्हते, तो राक्षस येण्याआधीचा माणसाचा चेहरा दाखवायला शिकलेला असतो. पुढे त्याच्या हाती दहा कोटी डॉलर आले तरी ती सवय जात नाही.

डॉनर यांनी पटकथा हाती घेतली तेव्हा तिच्यात काय होते ते पाहा. मूळ लेखन 'गॉडफादर'कार मारिओ पुझो यांचे, आणि त्यावर पुढे इतरांनी हात फिरवलेला. त्यात एक प्रसंग असा होता की टकल्या लेक्स लूथरच्या शोधात सुपरमॅन शहरावरून उडतो, रस्त्यातल्या एका टकल्या माणसाला धरतो, आणि तो निघतो त्या काळच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेतला टकला पोलीस कोजॅक. बाँडपटांच्या चष्म्यातून हा प्रसंग चुरचुरीत दिसला असता. डॉनर यांनी तो काढून टाकला, टॉम मँकिविच यांच्याकडून पटकथा नव्याने लिहून घेतली, आणि कचेरीत 'सत्याभास' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाची पाटी लावली. 'ओमेन'मध्येही त्यांनी हेच केले होते. सैतानाचा मुलगा जन्माला आलेला असताना प्रत्येक मृत्यू निव्वळ योगायोगही असू शकेल अशा बेताने ते चित्रपट पुढे नेत होते. ज्याला सैतान विश्वासार्ह करता आला त्याला चड्डी जड नव्हती. ब्रँडोची गोष्ट तर डॉनर पुढे आयुष्यभर सांगत असत. त्या थोर नटाने प्रस्ताव मांडला की परग्रहावरचे लोक कसे दिसतात हे कोणाला माहीत आहे, ते सुटकेससारखेही दिसत असतील, तेव्हा आपण पडद्यावर सुटकेस ठेवू आणि मी फक्त आवाज देईन. दहा मिनिटांच्या भूमिकेसाठी काही दशलक्ष डॉलर घेणाऱ्या माणसाला ही कल्पना सुचावी यात नवल नाही. डॉनर यांनी त्याला समजावले की सुपरमॅनचे वडील कसे दिसतात हे लहान पोरालाही ठाऊक आहे: ते मार्लन ब्रँडोसारखे दिसतात. हसू कुठे अडवायचे याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आणि ते मोकळे कुठे सोडायचे याचे उदाहरण म्हणजे त्याच चित्रपटातला क्लार्क केंट, म्हणजे सुपरमॅनचे चारचौघांत वावरायचे रूप. क्रिस्टोफर रीव्ह खांदे पाडून, चष्मा सावरत, दारात अडखळत वावरतो तेव्हा पाचव्या रांगेतल्या गृहस्थाला पोटभर हसायला मिळते. मग सुपरमॅन आला की त्याच्याकडे हसू शिल्लक नसते.

इथे कोणीही म्हणेल की मग रिचर्ड लेस्टरचे काय? आक्षेप रास्त आहे. डॉनर पहिला आणि दुसरा भाग एकदमच चित्रित करत होते. दुसऱ्याचे बरेच काम झालेले असताना निर्मात्यांशी बिनसले आणि त्यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी लेस्टर आले. हे तर बीटल्सना घेऊन 'अ हार्ड डेज नाइट' काढणारे, विनोदाचे पट्टीचे जाणकार. म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे सोन्याहून पिवळे. पण त्यांचा 'सुपरमॅन 3' (1983) पाहिला की सोन्याला काजळी चढते. श्रेयनामावली चालू असताना रस्त्यावर माणसे एकमेकांवर आपटत राहतात, चौकातल्या सिग्नलमधला लाल माणूस आणि हिरवा माणूस एकमेकांशी मारामारी करतात, आणि रिचर्ड प्रायर खांद्यावर गुलाबी टेबलक्लॉथ टाकून स्कीवरून गगनचुंबी इमारतीच्या गच्चीतून खाली येतो. एकेक विनोद सुटा पाहिला तर वाईट नाही. पण सगळे मिळून प्रेक्षकाला एकच सांगतात की झूल घालून उडणे ही मुळातच थट्टेची बाब आहे. त्या चित्रपटात सुपरमॅन आपल्याच घरी पाहुण्यासारखा वावरतो. तेव्हा नियमात दुरुस्ती करतो: दिग्दर्शकाला विनोद कळावा, पण नायक हाच विनोद आहे असे त्याला वाटू नये. न्यूझीलंडच्या टाइका वाइटिटी यांनी 'थॉर: रॅग्नारोक' (2017) मध्ये ही मर्यादा पाळली आणि 'लव्ह अँड थंडर' (2022) मध्ये ओलांडली, म्हणून एकाच माणसाचे दोन चित्रपट सारख्याच चवीने पाहवत नाहीत.

या दुरुस्त नियमाचा आदर्श नमुना सॅम रेमी. 1981 साली 'ईव्हिल डेड' काढताना त्यांच्याकडे कॅमेरा हलवण्याचे महागडे यंत्र नव्हते, म्हणून फळीवर कॅमेरा बांधून तिची दोन टोके धरून माणसे जंगलातून पळाली आणि पडद्यावर भूत धावले. पुढच्या भागांत त्यांनी भीती आणि विनोद असे काही कालवले की प्रेक्षक किंचाळता किंचाळता हसतो. 'स्पायडरमॅन' (2002) त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी एवढ्या मोठ्या खर्चाचा चित्रपट केलेला नव्हता, पण तो अमेरिकेत पहिल्याच शनिवार-रविवारपर्यंत दहा कोटी डॉलरच्या पुढे गेला. तोवर कोणत्याच चित्रपटाला ते जमले नव्हते. माझ्या मुद्द्याला अधिक उपयोगी आहे तो मात्र दुसरा भाग (2004). त्यात शक्ती गमावलेल्या स्पायडरमॅनला इमारतीतून खाली उतरायला लिफ्ट घ्यावी लागते. आत एक अनोळखी गृहस्थ. दोघे शेजारी शेजारी उभे, लिफ्टचे मंद संगीत चालू. गृहस्थ पोशाखाची स्तुती करतो, तर महावीर कबूल करतो की याने खाज सुटते आणि तो नको तिथे काचतो. पाचव्या रांगेतल्या माणसाच्या मनात पहिल्या भागापासून जो प्रश्न घोळत होता, तो रेमी यांनी नायकाच्याच तोंडून निकालात काढला. त्यानंतर काही वेळाने हाच नायक भरधाव रेल्वे अंगाच्या जोरावर थांबवतो, बेशुद्ध पडतो, मुखवटा नसलेल्या त्याच्या देहाला प्रवासी हातांवर उचलून आत घेतात आणि हा तर आपल्या मुलाएवढाच पोरगा आहे असे त्यांच्या लक्षात येते. तिथे कोणी हसत नाही. लिफ्टचा प्रसंग कापला असता तर रेल्वेचा प्रसंग इतका लागला नसता, असे माझे ठाम मत आहे. आणखी एक दाखला त्याच चित्रपटातला: डॉक्टर ऑक्टोपसचे यांत्रिक हात इस्पितळात जागे होतात तो तुकडा. डॉक्टरांची करवत, फरशीवर ओरखडणारी नखे, भिंतीवरच्या सावल्या. लहान मुलांच्या चित्रपटात हे सरळसरळ 'ईव्हिल डेड' होते, आणि खलनायकाची जरब पुढचा सगळा चित्रपट त्यावर तगली.

बाकीचे साक्षीदार भराभर बोलावतो. टिम बर्टन यांना 'बॅटमॅन' (1989) मिळाला तेव्हा त्यांच्या नावावर 'पी-वीज बिग अ‍ॅडव्हेंचर' हा खुळचट प्रवास आणि 'बीटलज्यूस' हा भुतांचा विनोदी चित्रपट होता. जॉन फॅवरो हे नाताळातल्या 'एल्फ'चे दिग्दर्शक. त्यांच्या 'आयर्न मॅन'मध्ये (2008) नायक उडण्याचा पहिला प्रयोग करतो तेव्हा थेट छतावर आपटतो आणि त्याचा बावळट यंत्रमानव त्याच्यावर आग विझवायचा फवारा मारतो. पुढे मरणाच्या दारात असताना त्याच यंत्रमानवाने प्राण वाचवणारी वस्तू हातात दिली की डोळे पाणावतात. 'अ‍ॅक्वामॅन'ला (2018) अब्ज डॉलरच्या पलीकडे नेणारे जेम्स वॅन 'सॉ'सारख्या रक्तबंबाळ भयपटातून आले. 'एंडगेम' (2019) करणारे रूसो बंधू दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिकांतून आले, आणि त्यांची उमेदवारी तिथे पाहून चित्रपट त्यांच्या हाती देणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यावी लागते.

याउलट थोर कलावंतांची निवड. यांचा मी पूर्ण आदर करतो, म्हणूनच मला वाईट वाटते. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'नंतर आंग ली यांना 'हल्क' (2003) देण्यात आला. त्यांनी त्यात बाप-लेकाच्या नात्याची शोकांतिका पाहिली, पडद्याचे कॉमिक्ससारखे चौकोन केले, आणि हल्कच्या हालचाली टिपण्यासाठी संवेदकांचा पोशाख घालून स्वतः राग करून दाखवला. निष्ठेत काडीची कसर नव्हती. पण मग हल्कवर राक्षसी झालेले तीन कुत्रे सोडले जातात आणि त्यांतला एक असतो पूडल. केशरचना केलेले ते कुरळे कुत्रे राक्षसी झाले तरी पूडलच राहते, हे विनोदी दिग्दर्शकाने पटकथेच्या पहिल्याच वाचनात सांगितले असते. गंमत अशी की अकरा वर्षांनी जेम्स गन यांनीही आपल्या पात्रासाठी स्वतः अंग हलवले. 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'च्या (2014) शेवटी कुंडीत नाचणाऱ्या रोपट्याच्या हालचाली त्यांच्या आहेत. गन ट्रोमा या अतिस्वस्त, अतिचावट चित्रपटांच्या कंपनीतून वर आलेले. 'स्लिदर' हा त्यांचा भयविनोदी चित्रपट. बोलणारा रॅकून आणि एकच वाक्य बोलणारे झाड यांच्यासाठी लोक रडू शकतील, हे त्यांनी बरोबर जोखले. क्लोई झाओ यांच्या 'इटर्नल्स'मध्ये (2021) खरे सूर्यास्त चित्रित केलेले आहेत आणि ते सुंदर आहेत. पण दहा अमर वीर रांगेत उभे राहून हजारो वर्षांचा इतिहास समजावून सांगतात तेव्हा मागचा सूर्यास्तच अधिक बोलका वाटतो.

आता सर्वांत जड आक्षेप: ख्रिस्तोफर नोलन. यांनी विनोदी चित्रपट काढला नाही, भुताचाही नाही, आणि 'द डार्क नाइट'ने (2008) अब्ज डॉलर मिळवून हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळवून दिले. माझा नियम इथे मोडतो असे वाटेल. पण 'बॅटमॅन बिगिन्स' (2005) बारकाईने पाहा. नोलन हसू अडवण्यासाठी वेगळी युक्ती वापरतात: हसणाऱ्याच्या मनातला प्रश्न ते आधीच विचारून टाकतात. पोशाख कुठून आला? सैन्यासाठी बनवलेला, पण फार महाग म्हणून पडून राहिलेला. गाडी? तीही तशीच. मुखवट्याची ऑर्डर दिली तर संशय येणार नाही का? येईल, म्हणून दहा हजार मुखवटे मागवायचे. बॅटमॅनचा बटलर अल्फ्रेड हे शांतपणे सांगतो आणि थिएटर हसते. एका वटवाघुळवेषधाऱ्यासाठी दहा हजारांची घाऊक खरेदी ही निखळ विनोदी कल्पना आहे. फक्त मायकेल केनच्या तोंडून हिशेबनिसाच्या सुरात आल्यामुळे ती वास्तवदर्शी वाटते. नोलन यांना विनोद कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी मात्र काळोख उचलला आणि अल्फ्रेड तिथेच ठेवला.

दुसरा आक्षेप अधिक बेरकी आहे. दिग्दर्शक कोण यावर काही ठरतच नाही, असे हल्लीचे जाणते सांगतात. मार्व्हल स्टुडिओत सगळे तिथले प्रमुख केव्हिन फायगी ठरवतात, हाणामारीचे प्रसंग संगणकावर महिनोन्महिने आधी रेखाटून तयार असतात, दिग्दर्शक फक्त नटांना 'छान' म्हणायला असतो. यात तथ्य आहे. अर्जेंटिनाच्या लुक्रेसिया मार्टेल यांनी 2018 साली एका मुलाखतीत सांगितले होते की 'ब्लॅक विडो'साठी आपल्याशी बोलणे झाले तेव्हा हाणामारीच्या प्रसंगांची काळजी करू नका, ते आम्ही बघू, असे आपल्याला सुचवण्यात आले. म्हणजे आचाऱ्याला बोलवायचे आणि फोडणी आम्ही देऊ म्हणायचे. बाई अर्थातच गेल्या नाहीत. एडगर राइट यांनी 'अँट-मॅन'वर कैक वर्षे घालवून 2014 मध्ये शूटिंगच्या तोंडावर तो सोडला, त्यामागेही मतभेदच होते. तरीसुद्धा दिग्दर्शक शून्य असता, तर एक कोडे सुटत नाही. 'थॉर: द डार्क वर्ल्ड' (2013) आणि 'थॉर: रॅग्नारोक' यांत कंपनी तीच, फायगी तेच, क्रिस हेम्सवर्थ तोच. पहिला लोक विसरूनही गेले आणि दुसऱ्याने मरगळलेल्या नायकाला जीवदान दिले. बदलला होता तो दिग्दर्शक. शिवाय 'रॅग्नारोक'च्या कथेत थॉरचा हातोडा तर सुरुवातीलाच फुटतो, तेव्हा श्रेय हातोड्यालाही देता येत नाही.

तिसरा आक्षेप चाहत्यांचा. ज्याने लहानपणी ही कॉमिक्स उशाला घेऊन झोप काढली, त्यालाच हे काम द्या, असे ते म्हणतात. चाहत्यांच्या पारखेबद्दल मला शंका आहे. 'बॅटमॅन'साठी मायकेल कीटनची निवड झाली तेव्हा वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची सुमारे 50 हजार पत्रे गेल्याचे सांगतात, आणि पुढे त्याच कीटनला 2023 साली परत आणले तेव्हा चाहत्यांना गहिवरून आले. भक्ती असलेला दिग्दर्शक कधी कधी पोशाखाचीच लाज बाळगतो, हा अनुभव वेगळाच. झॅक स्नायडर हे या कथांचे भक्त. पण 'मॅन ऑफ स्टील'मध्ये (2013) त्यांनी लाल चड्डी काढून टाकली, निळा रंग मळकट केला आणि सुपरमॅनला सदैव चिंताक्रांत ठेवले. चड्डी गेली तसे हसूही गेले, हे खरे. पण तिच्याबरोबर सुपरमॅनचे हसणेही गेले. 2025च्या 'सुपरमॅन'मध्ये गन यांनी चड्डी परत आणली. त्यांनी सांगितले आहे की त्यांचे मन द्विधा होते, आणि नट डेव्हिड कोरेनस्वेटच्या युक्तिवादाने ते वळले: डोळ्यांतून आग ओकणाऱ्या परग्रहवासीयाला मुलांनी घाबरू नये असे वाटत असेल, तर तो असाच रंगीबेरंगी, बावळट वाटेल असा पोशाख घालील. हास्यास्पद वाटणारी वस्तू लपवण्यापेक्षा तिला कारण देणे, हे शहाणपण भक्तीतून येत नाही. ते ट्रोमासारख्या ठिकाणी येते, जिथे लपवायला पुरेसे कापडच नसते.

माझ्या बाजूचे पराभव लपवणे बरे दिसणार नाही. जोएल शूमाकर यांनी 'द लॉस्ट बॉइज' हा झकास भयविनोदी चित्रपट काढला होता. त्यांच्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये (1997) बॅटमॅन स्वतःचे क्रेडिट कार्ड काढतो. त्यांनी पुढे प्रेक्षकांची क्षमाही मागितली, पण खेळणी विकण्याच्या आग्रहापुढे त्यांचा हात किती मोकळा होता हाही प्रश्न आहे. 'इट'सारखा भयपट देणाऱ्या अँडी मुस्केटी यांच्या 'द फ्लॅश'मध्ये (2023) आकाशातून बाळे पडतात आणि नायक एका बाळाला मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो. लोक हसले, पण बाळांच्या संगणकी चेहऱ्यांना. आणि रायन कूगलर यांनी ना विनोद केला होता ना भय, तरी 'ब्लॅक पँथर' (2018) ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत जाऊन बसला. त्यांच्याकडे एक जुने दुःख आणि बरोबर असू शकेल असा खलनायक होता, तेव्हा पोशाखाकडे बघायला कोणाला सवड मिळाली नाही. हा अपवाद मी बिनशर्त मान्य करतो. असा खलनायक दर वर्षी लिहिला जात नाही, एवढेच.

आपल्याकडचा पुरावाही याच बाजूने बोलतो. शेखर कपूर यांनी 'मिस्टर इंडिया'आधी (1987) फक्त 'मासूम' केला होता, घरातल्या मुलांचा नाजूक चित्रपट. त्यांचा महावीर अदृश्यच असल्यामुळे पोशाखाचा प्रश्न मुळातच मिटला होता, आणि हसण्याचे काम मोगॅम्बोच्या सिंहासनाकडे सोपवलेले होते. 'रा.वन'वर (2011) पैशांचा पाऊस पडला. त्याचे दिग्दर्शक अनुभव सिन्हा यांचे खरे बळ पुढे 'मुल्क' आणि 'आर्टिकल 15'मध्ये दिसले. केरळात बॅसिल जोसेफ यांनी दोन विनोदी चित्रपटांनंतर 'मिन्नल मुरळी' (2021) केला. त्यातला नायक गावचा शिंपी आहे, त्यामुळे पोशाख कोणी शिवला हा प्रश्नही उरत नाही. मराठीत निखिल महाजन यांनी 'पुणे 52' या गंभीर गुप्तहेरपटानंतर श्रेयस तळपदे यांना घेऊन 'बाजी' (2015) आणला. पुढचा मराठी सुपरहिरो कोणी काढणार असेल, तर माझ्या नियमात चपखल बसणारी परंपरा इथेच आहे. महेश कोठारे यांनी 'धडाकेबाज'मध्ये (1990) कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ उभा केला आणि 'झपाटलेला'मध्ये (1993) रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याकडून एका पिढीची झोप उडवली. बाहुला अंगावर येतोय, लक्ष्मीकांत बेर्डे पळतोय, आणि पोरे एकाच वेळी हसताहेत आणि आईचा पदर ओढताहेत: याहून कठीण काम हॉलिवूडला ठाऊक नाही. आदित्य सरपोतदार यांनी 'झोंबिवली' आणि 'मुंज्या'त (2024) तोच धागा पुढे नेला आहे. तेव्हा निर्मात्यांना विनंती एवढीच की दिग्दर्शकाकडे त्याचा सर्वांत गाजलेला चित्रपट मागू नका. सर्वांत स्वस्तात काढलेला मागा, तो भरलेल्या थिएटरात लावा, आणि पडद्याकडे पाठ करून दोन तास प्रेक्षकांचे चेहरे बघत बसा.